शर्यतीची बाईक ट्यून करणाऱ्या पोरीनं एका पितळी तुकड्यानं स्पिटफायरची खोड मोडली

गोष्ट आहे १९४० सालची. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं आणि इंग्लंडच्या आभाळात रोज विमानांच्या झटापटी चालल्या होत्या. ब्रिटनकडे स्पिटफायर आणि हरिकेन, तर जर्मनीकडे मेसरश्मिट १०९. वेग, ताकद, बंदुका, सगळ्यात दोन्ही बाजू जवळपास तोडीस तोड.

पण जर्मन पायलटांना ब्रिटिश विमानांची एक खोड समजली होती. मागं स्पिटफायर लागलं की जर्मन पायलट दांडा पुढं ढकलायचा, विमानाचं नाक एकदम खाली करायचा आणि थेट जमिनीकडे सूर मारायचा. ब्रिटिश पायलटनं त्याच्यामागं तसाच सूर मारला की त्याचं इंजिन खोकायला लागायचं. मागून काळा धूर निघायचा आणि इंजिन क्षणभर गप्प व्हायचं. तेवढ्या वेळात शिकार हातची गेलेली असायची. ब्रिटिश विमान स्वतः पुढं पळत असेल तर प्रकरण आणखी गंभीर, कारण जीव वाचवायला खाली सूर मारावा तर इंजिनच दगा द्यायचं.

ज्या इंजिनाची ही गोष्ट, ते साधंसुधं नव्हतं. रोल्स रॉईस कंपनीचं मर्लिन, १२ सिलिंडरचं, २७ लिटरचं. त्या काळातल्या जगातल्या उत्तम इंजिनांपैकी एक. त्याच्या ताकदीत काही कमी नव्हतं. घोळ होता तो त्याच्यापर्यंत पेट्रोल पोचवण्याच्या पद्धतीत, म्हणजे कार्बोरेटरमध्ये.

हा घोळ ज्या बाईनं सोडवला तिचं नाव बिअट्रिस शिलिंग. जवळची माणसं तिला टिली म्हणायची. विमानाच्या इंजिनांकडे वळायच्या आधी तिनं हात काळे केले होते ते मोटारसायकलच्या इंजिनात.

चौदाव्या वर्षी पहिली बाईक

बिअट्रिसचा जन्म ८ मार्च १९०९ चा, इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यातल्या वॉटरलूव्हिल गावातला. वडील खाटीक. घरात इंजिनिअरिंगचा वारसा वगैरे काही नव्हता. पण पोरीचा ओढा लहानपणापासून यंत्रांकडे. खाऊच्या पैशातून ती बाहुल्या न घेता हत्यारं घ्यायची आणि मेकॅनोच्या पट्ट्या नटबोल्टांनी जोडून काहीबाही बनवत बसायची.

चौदाव्या वर्षी तिनं रॉयल एनफिल्डची एक टू-स्ट्रोक मोटारसायकल विकत घेतली. चालवायची तर होतीच, पण खोलून पुन्हा जोडायचीही होती. इंजिनिअर व्हायचं हे तिच्या डोक्यात तेव्हाच पक्कं झालं.

आता १९२० च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये मुलीनं इंजिनिअर व्हायचं म्हटलं की लोक तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा बायकांनी कारखाने चालवले, पण युद्ध संपताच त्यांना घरी पाठवण्यात आलं. त्याला तोंड द्यायला १९१९ मध्ये काही महिलांनी एकत्र येऊन महिला इंजिनिअरांची एक संस्था काढली होती. या संस्थेत मार्गारेट पार्ट्रिज नावाची एक बाई होती. तिचा स्वतःचा व्यवसाय होता, गावागावांत वीज पोचवण्याचा.

शाळा संपल्यावर बिअट्रिस या मार्गारेटबाईंच्या हाताखाली कामाला लागली. तारा ओढणं, जनरेटर बसवणं, सगळी अंगमेहनतीची कामं. पोरीची हुशारी बघून मार्गारेटबाईंनीच तिला कॉलेजात जायला लावलं. मँचेस्टर विद्यापीठात तिनं इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला आणि १९३२ मध्ये पदवी मिळवली. त्यानंतर मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्सही केलं. मग बर्मिंगहॅम विद्यापीठात संशोधन सहाय्यक म्हणून काम मिळालं. विषय होता सिंगल सिलिंडर इंजिनांना सुपरचार्जर लावला की काय होतं. थोडक्यात, इंजिनात जास्त हवा कोंबायची आणि तिच्या जोडीला पेट्रोल किती द्यायचं हे मोजायचं.

दिवसभर प्रयोगशाळेत हे काम आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर.

ब्रुकलँड्सचा सोन्याचा तारा

लंडनजवळ ब्रुकलँड्स नावाचा ट्रॅक होता. १९०७ मध्ये सुरू झालेला, खास मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेला. एक फेरी पावणेतीन मैलांची, म्हणजे साधारण साडेचार किलोमीटरची. वळणांवर काँक्रीटचे उंच, तिरके उतार होते. वेगात आलेली गाडी त्या उतारावर भिंतीवर चढल्यासारखी वर चढायची. काँक्रीट जागोजागी खडबडीत झालं होतं, त्यामुळे गाडी मध्येच हवेत उडायची.

या ट्रॅकवर मोटारसायकलच्या शर्यतीत ताशी १०० मैलांच्या, म्हणजे १६० किलोमीटरच्या वर सरासरी ठेवून एक फेरी पूर्ण केली की ‘गोल्ड स्टार’ नावाचा छोटासा बिल्ला मिळायचा. मोटारसायकलवाल्यांच्या जगात या बिल्ल्याला मोठा मान.

बिअट्रिसकडे नॉर्टन कंपनीची मॉडेल ३० होती. एक सिलिंडर, ४९० सीसी. या गाडीवर तिनं १९३४ मध्ये गोल्ड स्टार मिळवला. पुढं तिच्या फेरीचा वेग ताशी १०६ मैलांपर्यंत, म्हणजे १७० किलोमीटरपर्यंत गेला. हेल्मेटच्या नावाखाली डोक्यावर एक साधं टोप असायचं त्या काळातली ही गोष्ट आहे. ब्रुकलँड्सच्या सगळ्या इतिहासात मोटारसायकलवर गोल्ड स्टार मिळवणाऱ्या बायका फक्त तीन. फ्लोरेन्स ब्लेन्किरॉन, बिअट्रिस शिलिंग आणि थेरेसा वॉलॅक.

आणि ही नॉर्टन तिला कुणी तयार करून दिलेली नव्हती. ती तिनं स्वतः ट्यून केलेली होती.

ट्यूनिंग म्हणजे नक्की काय?

आता थोडं इंजिनाबद्दल. कारण पुढची गोष्ट इथंच दडलेली आहे.

पेट्रोल एकटं जळत नाही, त्याला हवा लागते. वजनाच्या हिशोबात एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते. जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर पेट्रोल याहून थोडं जास्त द्यावं लागतं, म्हणजे एका भागाला साडेबारा-तेरा भाग हवा.

पेट्रोल कमी पडलं की मेकॅनिक त्याला लीन म्हणतात. इंजिन तापतं, आणि शर्यतीत फुल्ल थ्रॉटलवर असं झालं तर पिस्टनला चक्क भोक पडू शकतं. पेट्रोल जास्त झालं की ते रिच. गाडी मिसिंग करते, काळा धूर सोडते, प्लगवर काजळी धरते. त्याहून जास्त झालं तर प्लग भिजतो आणि गाडी बंद.

फुल्ल थ्रॉटलवर किती पेट्रोल जाणार हे ठरवतो कार्बोरेटरमधला मेन जेट. हा असतो नखाएवढा पितळी तुकडा. त्याला आरपार एक भोक. बाकी काही नाही. भोक किंचित मोठं केलं की पेट्रोल वाढलं, किंचित लहान केलं की कमी झालं. हा फरक डोळ्याला दिसतही नाही, पण गाडीला लगेच कळतो.

योग्य जेट शोधायची पद्धतही साधी. एक जेट लावायचा, फुल्ल थ्रॉटलवर गाडी पळवायची, मग क्लच दाबून इंजिन तिथल्या तिथं बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी, काळा झाला असेल तर जास्त, बिस्किटासारखा तपकिरी आला तर बरोबर. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. म्हणून सकाळचा जेट दुपारी चालेलच असं नाही.

जास्त पेट्रोल ओतलं की गाडी जास्त पळते, असं नवख्याला वाटतं. ट्यूनिंग करणाऱ्याला कळून चुकलेलं असतं की इंजिनाला हवं तेवढंच द्यायचं असतं. त्याहून थोडंही जास्त झालं तर तेच पेट्रोल इंजिनाचा गळा दाबतं.

नॉर्टनला ताशी १०६ मैलांवर नेणाऱ्या बिअट्रिसला हे पुस्तकातूनही माहीत होतं आणि हातानंही.

मर्लिनचा घोळ

१९३६ मध्ये ती फार्नबरो इथल्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये रुजू झाली. ब्रिटनमध्ये विमानांवर सरकारी संशोधन चालायचं ते इथं. तिचा विषय झाला विमानाच्या इंजिनांचे कार्बोरेटर. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, तिनं जॉर्ज नेलरशी लग्न केलं. तोही फार्नबरोचाच आणि तोही ब्रुकलँड्सवर बाईक पळवणारा. त्यानं स्वतः गोल्ड स्टार मिळवल्याशिवाय लग्न करणार नाही अशी अट तिनं घातली होती, असा किस्सा सांगितला जातो. खरं-खोटं काही असो, गोल्ड स्टार मात्र त्याच्याकडेही होता.

मग युद्ध सुरू झालं आणि मर्लिनची तक्रार फार्नबरोला आली.

घराच्या गच्चीवरच्या टाकीत चेंडूवाला व्हॉल्व्ह असतो. पाणी वर आलं की चेंडू वर येतो आणि नळ बंद होतो. पाणी खाली गेलं की चेंडू खाली, नळ सुरू. कार्बोरेटरमध्ये अगदी तसाच प्रकार असतो. पेट्रोलची एक छोटी टाकी, तिला फ्लोट चेंबर म्हणतात, आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट.

हे सगळं चालतं ते पेट्रोल तळाशी राहतं म्हणून. पण उंचवट्यावरून गाडी वेगात गेली की पोटात गोळा येतो ना, अंग सीटवरून उचललं जातं, तसंच विमानाचं नाक झटकन खाली केलं की विमानातल्या प्रत्येक गोष्टीचं होतं. फ्लोट चेंबरमधलं पेट्रोलही उचलून छताला चिकटायचं. खालच्या जेटला पेट्रोलच मिळायचं नाही. इंजिन पहिल्यांदा खोकायचं ते यामुळे.

त्यानंतर खरा धोका. सगळं उलटंपालटं झाल्यामुळे फ्लोटचा ताबा सुटायचा आणि पेट्रोल आत सोडणारी झडप सताड उघडी राहायची. मागून पंप जोरात पेट्रोल ढकलतच असायचा. पंपाची ताकद इंजिनाच्या गरजेपेक्षा बरीच जास्त. चेंबर काठोकाठ भरायचं आणि ते सगळं पेट्रोल इंजिनात घुसायचं. काळा धूर आणि इंजिन गप्प. पहिला झटका क्षणाचा असायचा, पण हा दुसरा लांबायचा, आणि युद्धात तेवढा वेळ जीव जायला पुरेसा होता.

जर्मनांच्या डेमलर-बेंझ इंजिनात कार्बोरेटरच नव्हता. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं, त्यामुळे विमान कसंही वळवलं तरी फरक पडायचा नाही. मग ब्रिटिशांनी तेच का केलं नाही? कारण कार्बोरेटरचा एक फायदा होता. सुपरचार्जरच्या आधी पेट्रोल हवेत मिसळलं की ते वाफ होताना हवेला थंड करतं. थंड हवा दाट, म्हणजे इंजिनात जास्त मावते आणि ताकद वाढते. रोल्स रॉईसला हा फायदा सोडायचा नव्हता.

तोवर ब्रिटिश पायलटांनी आपल्यापुरता तोडगा काढला होता. थेट नाक खाली न घालता आधी विमान कुशीवर पालथं करायचं आणि मग खाली ओढायचं. त्यानं पेट्रोल तळाशीच राहायचं, पण मोलाचे क्षण जायचे.

एक भोक, मोजून मापून

संपूर्ण नवा कार्बोरेटर बनवायचा तर वेळ लागणार होता. आघाडीवरच्या शेकडो विमानांना थांबायला वेळ नव्हता.

बिअट्रिस आणि तिच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा धरला. पेट्रोल वर उडण्यापासून थांबवता येत नसेल, तर निदान गरजेपेक्षा जास्त पेट्रोल आत येण्यापासून थांबवता येईल का? मर्लिन फुल्ल पॉवरवर असताना जास्तीत जास्त किती पेट्रोल पितं हे मोजता येत होतं. मग पेट्रोलच्या नळीत, कार्बोरेटरच्या जरा आधी, एक पितळी अडथळा घालायचा. त्याला भोक असं ठेवायचं की तेवढंच पेट्रोल जाईल, त्याहून जास्त नाही. झडप सताड उघडी राहिली, पंपानं कितीही जोर लावला, तरी इंजिन बुडणार नाही. आणि फुल्ल पॉवर हवी तेव्हा ती पूर्ण मिळेल.

सुरुवातीला हा तुकडा शिंप्याच्या अंगुस्तानासारखा होता, नंतर तो साध्या वॉशरसारखा चपटा केला. इंजिनाच्या बूस्टप्रमाणे भोकाची दोन मापं ठरवली, एक १२ पौंडांसाठी आणि एक १५ पौंडांसाठी. बसवायला इंजिन उतरवावं लागत नव्हतं, विमानाला सेवेतून काढावंही लागत नव्हतं. विमानतळावरच नळी सोडायची, तुकडा घालायचा, नळी आवळायची.

तत्त्व तेच, नॉर्टनच्या मेन जेटचं. पितळेच्या तुकड्याला मोजून पाडलेलं भोक.

१९४१ च्या सुरुवातीला बिअट्रिस छोटी टोळी घेऊन एकेका विमानतळावर जाऊ लागली. हा तुकडा कसा बसवायचा हे तिथल्या मेकॅनिकांना दाखवायचं आणि पुढच्या तळावर जायचं. बऱ्याचदा हा प्रवास ती तिच्या जुन्या नॉर्टनवरच करायची. मार्च १९४१ पर्यंत लढाऊ स्क्वाड्रनांच्या विमानांना हे तुकडे लागले होते.

अडचण पूर्ण संपली होती असं नाही. विमान फार वेळ उलटं उडवलं तर इंजिन अजूनही रुसायचं. पण नाक खाली घातलं की इंजिन गप्प होण्याची भीती गेली होती. पूर्ण उपाय, म्हणजे फ्लोट नसलेले दाबावर चालणारे कार्बोरेटर, १९४३ च्या सुमारास आले. तोवर हा तुकडाच कामाला आला.

सोशल मीडियावर फिरणारी चूक

बिअट्रिसची गोष्ट आज इंटरनेटवर खूप फिरते. त्यात हमखास लिहिलेलं असतं की तिच्या वॉशरमुळे ब्रिटननं ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ जिंकली. हे बरोबर नाही.

ती लढाई झाली जुलै ते ऑक्टोबर १९४० मध्ये. तुकडा सगळीकडे पोचला तो १९४१ च्या मार्चपर्यंत. म्हणजे ती लढाई ब्रिटिश पायलटांनी मर्लिनच्या खोडीसकट लढली. त्यात त्यांच्या बाजूचे पाचशेहून जास्त वैमानिक आणि विमानातले सहकारी मारले गेले. त्यांनी ती खोड अंगावर घेऊन लढाई जिंकली, हे विसरून चालणार नाही.

बिअट्रिसच्या कामाचं मोल त्यामुळे कमी होत नाही. युद्ध १९४५ पर्यंत चाललं. त्या तुकड्यानंतर जे पायलट आभाळात गेले, त्यांना खाली सूर मारताना इंजिनाची काळजी करावी लागली नाही.

दुसरी गोष्ट नावाची. या तुकड्याचं अधिकृत नाव रुक्ष होतं, आरएई रिस्ट्रिक्टर. पायलटांनी त्याला नाव ठेवलं ‘मिस शिलिंग्ज ऑरिफिस’. ऑरिफिस म्हणजे भोक. विनोद कोणत्या अर्थानं होता हे वेगळं सांगायला नको. शिवाय ती तेव्हा मिस शिलिंगही नव्हती, लग्न होऊन मिसेस नेलर झाली होती. नाव प्रेमानं ठेवलं असं म्हणतात, आणि ते प्रेम खोटंही नसेल. पण त्या तळांवर एखाद्या पुरुष इंजिनिअरनं असा तुकडा बनवला असता तर त्याचं नाव असं पडलं नसतं, हेही तेवढंच खरं. गंमत म्हणजे त्याच नावामुळे आज तिची आठवण राहिली आहे.

युद्धानंतर

ब्रिटिश सरकारनं तिला ओबीई हा सन्मान दिला. फार्नबरोचं काम तिनं १९६९ मध्ये निवृत्त होईपर्यंत सोडलं नाही. ‘ब्लू स्ट्रीक’ या ब्रिटिश क्षेपणास्त्रावर ती काम करत होती. ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक का लागत नाहीत, यावरही तिनं संशोधन केलं. पावसाळी विमानतळावर उतरणाऱ्या प्रत्येकाशी संबंध असलेला हा विषय.

वेगाचं वेडही सुटलं नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रुकलँड्सचा ट्रॅक बंद पडला आणि पुन्हा कधी उघडला नाही. मग नवरा-बायको मोटारींच्या शर्यतीकडे वळले. घरच्या वर्कशॉपमध्ये दोघं मिळून गाड्या खोलायचे, ट्यून करायचे आणि सुट्टीला पळवायचे. जॉर्जनं युद्धात बॉम्बफेकी विमानं उडवली होती आणि तो सुखरूप परतला होता.

१८ नोव्हेंबर १९९० ला वयाच्या ८१ व्या वर्षी बिअट्रिस गेली. पुढं तिच्या शर्यतीचे बिल्ले आणि करंडक ब्रुकलँड्सच्या संग्रहालयानं घेतले. लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठानं आपल्या एका इमारतीला तिचं नाव दिलं. फार्नबरोमध्ये तर एका पबचं नाव आहे ‘द टिली शिलिंग’.

आज रस्त्यावरच्या बहुतेक नव्या बाईकवर कार्बोरेटर राहिलेला नाही. फ्युएल इंजेक्शन आलं. किती पेट्रोल द्यायचं हे आता कॉम्प्युटर ठरवतो, क्षणाक्षणाला. पण तो ठरवतो तेच, जे बिअट्रिस नॉर्टनचा प्लग काढून बघताना ठरवायची. इंजिनाला नक्की किती हवंय, आणि त्याहून जास्त आपण देत तर नाही ना.